किल्ट, पैठणी आणि ‘तुम्हाला परवडतं’

‘तुम्हाला काय, तुम्ही पौंडात कमावता.’ माहेरच्या ग्रुपवर हे वाक्य आलं आणि पुढे कुणीच काही लिहिलं नाही. विषय भाचीच्या लग्नातल्या पैठणीचा होता. येवल्याच्या हातमागावरची चाळीस हजारांची घ्यायची की यंत्रमागावरची तीन हजारांची? मावसभावाचं म्हणणं असं की दोन्हींवर मोर तोच, काठ तोच, लग्नाच्या फोटोत कुणाला फरक कळणार, मग वरचे सदतीस हजार कशाचे? मी लिहिलं, विणणाऱ्याच्या हाताचे. त्यावर हे उत्तर आलं.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कारण नेमक्या त्याच दिवसांत मी इथे स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात, मुलाच्या लग्नासाठी किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख, बघत होते, आणि तोच प्रश्न पौंडांत माझ्यासमोर उभा होता.

रॉयल माइल या रस्त्याने किल्ल्याकडे चढत गेलं की पस्तीस-चाळीस पौंडांत किल्ट मिळतो. ॲक्रेलिकचा, वेल्क्रो लावलेला. त्याच्या वरच्या पायरीवर पॉलिव्हिस्कोस या कृत्रिम कापडाचा, शंभराच्या आसपास. मग लोकरीचा पण मशीनवर शिवलेला. आणि सगळ्यात वर आठ यार्ड कापडाचा, वर्स्टेड म्हणजे घट्ट पिळाच्या लोकरीचा, अंगाच्या मापाने हाताने शिवलेला. त्याला सहाशे-सातशे पौंड सहज पडतात. यात जॅकेट, स्पोरन (पुढे लटकवायची पिशवी), मोजे, बूट काहीच धरलेलं नाही. सगळं मिळून हजाराच्या पुढे जातं. म्हणून इथले पुष्कळ नवरदेव सरळ भाड्याने आणतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

चाळीस आणि सातशे यांच्यामध्ये काय आहे ते मी नीट बघून घेतलं. कापडाला हात लावणं मला लहानपणापासून कळतं. नाशिकला आमच्या घरी साडी आली की आई आधी ती उलटी करायची.

चांगल्या किल्टचं कापड यार्डाला तेरा किंवा सोळा औंस वजनाचं असतं. सोळा औंसांचं जड, पण चुण्या अशा पडतात की चालताना मागून हलतात आणि पुन्हा जागेवर येतात. हलकं कापड मांडीला चिकटतं आणि वाऱ्यात उडतं, आणि या शहरात वारा कधी नसतो? खालची कड बघायची. खास किल्टसाठी विणलेल्या कापडाला पक्की किनार असते, तीच खाली येते, दुमडून शिवावी लागत नाही. स्वस्त किल्टला खाली दुमडपट्टी दिसते. मग पाठ बघायची. चुण्या घालताना प्रत्येक घडीवर चौकडीचा नमुना, म्हणजे टार्टन, असा जुळवतात की पाठीमागेही समोरच्यासारखंच टार्टन अखंड दिसतं. नितंबापासून कमरेपर्यंत प्रत्येक चुणी निमुळती करत हाताने टाके घालायचे असतात. पंचवीस-तीस चुण्या, आणि एकीतला दोऱ्याएवढा फरक सगळ्या पाठीवर पसरतो. आत कॅनव्हास आणि अस्तर. कमरेत थोडं कापड राखलेलं असतं, म्हणजे माणूस सुटला तरी किल्ट सैल करता येतो. बाप मुलाला देतो तो असा किल्ट. ॲक्रेलिकचा कुणी मुलाला देत नाही.

एडिंबराच्याच लीथ भागात एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही गेलो. मुलाचं माप घेताना तिथल्या बाईंनी न विचारताच सांगितलं की कापड कुठल्या गिरणीचं आहे, कुठला भाग हाताने शिवतात आणि कुठला मशीनवर, आणि किती आठवडे लागतील. तयार किल्ट चुण्यांवर धावदोरा घालूनच मिळतो, तो घरी उसवायचा, हेही बजावलं. स्वस्त हवा असेल तर नवा निकृष्ट घेण्यापेक्षा वापरलेला चांगला घ्या, चॅरिटी शॉपमध्ये नशीब असेल तर मिळतो, फक्त कसर लागलेली नाही ना ते उजेडात धरून बघा. स्वतःच्या दुकानात उभं राहून त्या बाई मला दुसरीकडचा पर्याय सांगत होत्या. आपल्याकडे हे किती ठिकाणी घडतं? पैठणीच्या दुकानात मी ‘हातमाग का?’ विचारलं की ‘प्युअर आहे ताई’ एवढंच उत्तर मिळालेलं आहे. विचारलं हातमागाचं, सांगितलं रेशमाचं. रेशीम शुद्ध असेलही, पण तो माझा प्रश्न नव्हता.

आणि हे तेव्हा, जेव्हा कायदा आपल्या बाजूने जास्त भक्कम आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे, हातमागाचं चिन्ह आहे, रेशमाचं वेगळं चिन्ह आहे. इथे हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाला १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे: स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या माणसाने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं असेल तरच ते हॅरिस ट्वीड. टार्टनच्या नमुन्यांची सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून. पण किल्ट या वस्तूला असं संरक्षण नाही. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शिवलेला किल्ट रॉयल माइलवर खुशाल विकला जातो. सियालकोटच्या कारागिरांबद्दल मला तक्रार नाही, जगभरच्या बँडांचे बॅगपाइप तिथे घडतात. तक्रार आहे ती ‘पारंपरिक स्कॉटिश’ असं मोठ्या अक्षरांत लिहून कुठे बनलं ते आतल्या पट्टीवर बारीक छापणाऱ्यांची. तरीही एडिंबरातला माणूस फसत नाही. तो विचारतो: किती यार्ड, किती औंस, कुणी शिवला. आमच्या ग्रुपवर एकानेही विचारलं नाही की ती तीन हजारांची साडी कुठे विणली आहे.

पदर उलटा करा म्हटलं तर लोक हसतात. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी रंगाचा प्रत्येक धागा हाताने गुंतवून विणतात, म्हणून उलट्या बाजूनेही मोर मोरच दिसतो. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. नक्षी मुनिया असो, असावली असो, बांगडी मोर असो, परीक्षा हीच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मावसभावाला हे माहीत नाही असं नाही. नाशिकात वाढलेल्या माणसाला हे माहीत असतंच.

एका काकांनी मध्येच वेगळा मुद्दा काढला: किल्टची परंपरा तरी कुठे खरी आहे, ती इंग्रजांनीच सजवलेली. त्यात थोडं तथ्य आहे. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी होती, १७८२ मध्ये ती उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा इथलेच लेखक सर वॉल्टर स्कॉट यांनी असा थाट उडवून दिला की राजासकट सगळे टार्टनमध्ये. अमुक कुळाचं अमुक टार्टन हा हिशोबही बराचसा त्याच सुमाराचा. असू दे. मी सातशे पौंड प्राचीनतेचे देत नाहीये. आज, या शहरात, एक बाई खिडकीजवळ बसून ते टाके घालते, तिचे देते आहे. किल्ट शिवणं हे कामसुद्धा इथे लोप पावत चाललेल्या कारागिरीच्या यादीत आलं आहे. येवल्यातल्या विणकराची मुलं मागावर बसायला तयार नाहीत, हे मी तिथल्याच लोकांकडून ऐकलं आहे. दोन्हीकडची गोष्ट एकच असताना मला फक्त पौंडाचा टोमणा का?

त्याच दिवशी आणखी एक वाक्य आलं, आणि खरं दुखलं ते तिथे. ‘मुलाला आधी धोतर नेसायला शिकव, मग आम्हाला पैठणी शिकव.’ आणि कुणीतरी त्याला जोडून असईच्या लढाईची आठवण काढली. १८०३ मध्ये असईला मराठ्यांसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यात हायलँडच्या पलटणी होत्या, हे खोटं नाही. पण माझा मुलगा मरेफील्डच्या रग्बी मैदानावर आरडाओरडा करत मोठा झाला, शाळेत इथले कवी बर्न्स यांच्या कविता पाठ म्हणायला उभा राहिला, त्याचे मित्र किल्ट घालून त्याच्या लग्नात नाचणार आहेत. त्याने किल्ट मागितला तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच रात्री मी रडले. दोन्ही खरं आहे. आमचं कूळ इथल्या कुठल्याच टार्टनमध्ये नाही, म्हणून त्याने एडिंबरा नावाचंच टार्टन निवडलं. ‘आई, मी इथला आहे ना,’ इतक्या सहज म्हणाला. मला हे वाक्य इतक्या वर्षांत एकदाही म्हणता आलेलं नाही, ना इथे, ना नाशिकला.

माझ्या कपाटात मलमलीत गुंडाळलेल्या पैठण्या आहेत. त्या नेसणारं माझ्यामागे या घरात कुणी नाही. होणारी सून आवडीने हात फिरवून बघते, पण निऱ्या तिला मीच घालून देणार. म्हणून कदाचित मी ग्रुपवर इतकी तावातावाने भांडते. तिथे असते तर एखादी कमी किमतीची साडी मीही निमूट घेतली असती, लग्नाचे शंभर खर्च असतात हे मलाही माहीत आहे. पण इथे बसून मला ती साडी खरीच हवी आहे, कुणाच्याही अंगावर, फक्त खरी.

म्हणून मी भाचीला वेगळा निरोप पाठवला: पैठणीचे पैसे मी देते, येवल्याला जाऊन मागावरची घेऊन ये. तिचं उत्तर लगेच आलं. ‘मावशी, तुझी कल्पना छान आहे, पण मला संगीतला नेसायची आहे, नाचायचंय, घाम येणार, हलकी हवी. आणि पैसे नको.’ बहिणीलाही विचारलं, ती म्हणाली, तिचं लग्न, तिला ठरवू दे.

ती यंत्रमागावरची, म्हणजे ‘सेमी’, पैठणीच घेणार आहे. बिलावर ‘सेमी’ असं लिहून घे आणि कुणी विचारलं तर तेच सांग, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. मावसभावाच्या वाक्याला मात्र उत्तर द्यायचं बाकी होतं. किल्टच्या पावतीचा फोटो काढून मी ग्रुपवर टाकला, खाली कापडाची गिरणी, यार्ड, औंस आणि शिवणाऱ्या बाईंची मजुरी लिहिली, आणि त्याला विचारलं की तीन हजारांतले विणणाऱ्याला किती मिळाले ते दुकानात विचारून सांग.