‘जुना फुल-फ्रेम डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्यांना

लग्नाचा सीझन तोंडावर आला की आमच्या दारव्हा-दिग्रस भागातली पोरं कॅमेरा घ्यायला निघतात, आणि मग तोच मेसेज फिरतो. यंदा मला तो सात-आठ जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: नवा एंट्री-लेव्हल कॅमेरा म्हणजे खेळणं, तेवढ्याच पैशात कॅनन ५डी मार्क टूसारखा जुना फुल-फ्रेम, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला, कॅमेरा येतो, रात्रीचे फोटो त्याचेच चांगले, शटर काउंट, म्हणजे आजवरचे क्लिक, कमी बघितला की झालं, ऑटोफोकसचं काय, हाताला सवय होते, बॉडी दणकट, डोळे झाकून घ्या. मी जुन्याच बॉडीवर शिकलो आणि बारा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

रात्रीच्या फोटोंपासून सुरू करू. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, कॅननच्या एंट्री-लेव्हल कॅमेऱ्यातला लहान सेन्सर २२.३ बाय १४.९चा. क्षेत्रफळात २.६ पटीचा फरक आहे आणि तो खोटा नाही. पण प्रकाश आत येतो लेन्समधून. मेसेज वाचून घेणाऱ्याचे सगळे पैसे बॉडीत जातात, आणि सोबत मिळते ती बहुतेक २४-१०५ एफ-४ लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. आता लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला साधी ५० एमएम एफ-१.८ लावा. ती एफ-४ च्या जवळपास पाचपट प्रकाश घेते. पाचाला २.६ ने भागा. लहान सेन्सरवाला दुपटीच्या आसपास पुढे निघतो. चार पावलं मागं सरकून फोटो काढावा लागेल, एवढंच. फुल-फ्रेमलाही तीच ५० लावली तर तोच जिंकेल, पण मग ‘तेवढ्याच पैशात’ हे बोलणं राहत नाही.

शटर काउंटवर मात्र मला जरा थांबायचंय. माझा जुना ५डी मार्क टू मी सेकंडहँड घेतला तेव्हा विकणाऱ्यानं चाळीस हजार क्लिक सांगितले होते. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. या कॅननच्या फाइलमध्ये नसतो, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं काढावा लागतो. मी तो काढला नाही, शब्दावर विश्वास ठेवला. मे महिन्यात दिग्रसकडच्या एका गावात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि शटर अर्ध्यात अडकलं. स्क्रीनवर एरर. बॅटरी काढून घातली, कार्ड बदललं, लेन्स काढून लावली. काहीच नाही. अक्षता पडल्या तो क्षण नवरीच्या भावानं मोबाइलमध्ये घेतला आणि त्या घरच्या अल्बममध्ये आजही तोच फोटो आहे. तो अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरीच्या आईनं एक शब्द बोलला नाही, ते मला जास्त लागलं.

पुढची गोष्ट मेसेजवाल्यांनी ऐकावी. कॅमेरा नागपूरला नेला. आमच्याकडून नागपूर म्हणजे अख्खा दिवस. तिथं उत्तर मिळालं, मॉडेल जुनं, पार्ट येत नाही. हा कॅमेरा २००८ चा, २०१२ मध्ये त्याच्या जागी मार्क थ्री आला. मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षांनी कंपन्या सुटे भाग देणं थांबवतात. याचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरले तर साठ लग्नं. मधल्या मालकानं किती लग्नं केली, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत? शिवाय पावसाळ्यात लेन्समध्ये धरलेली बुरशी किंवा लेन्स बसते तो ढिला झालेला माउंट शटरच्या आकड्यात दिसत नाही. आणि याला लागणारं सीएफ कार्ड तालुक्याच्या दुकानात मागून बघा. एसडी कार्ड मोबाइलवाल्याकडंही मिळतं.

ऑटोफोकसची सवय होते, हे फोटोपुरतं मान्य. ५डी मार्क टूचे फोकसचे नऊ पॉइंट मधोमध गोळा झालेले, त्यातला क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा, फक्त मधला एक. मधल्या पॉइंटनं धरून फ्रेम सरकवायची, हे आम्ही सगळे शिकलो. पण हळदीत नवरी हसत मान फिरवते, एफ-१.८ वर डोळा सुटतो आणि कान शार्प येतो. २०२३ चा कॅननचा आर५० हा एंट्री-लेव्हलच, पण तो डोळा ओळखून धरून ठेवतो. व्हिडिओत तर तुलनाच नको. ५डी मार्क टू व्हिडिओसाठी गाजला हे खरं, पण चालत येणाऱ्या माणसावर तो स्वतःहून फोकस धरत नाही.

बॉडी दणकट, हे शंभर टक्के खरं. जिनिंगच्या धुळीत मी ती वापरली आहे. आणि मेसेजवाल्यांनी न सांगितलेली जुन्याची एक बाजू मीच सांगतो. कॅनन २००डी टू या एंट्री-लेव्हल कॅमेऱ्याच्या हॉट-शूमधली, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेतली, मधली पिन काढून टाकलेली आहे. आपल्याकडं सर्रास चालणारे साधे ट्रिगर आणि मॅन्युअल फ्लॅश त्यावर चालत नाहीत. आर५० ला जुना फ्लॅश लावायचा तर वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. जुन्या बॉडीवर हे साधे फ्लॅश ठेवा, उडतात. सगळं काम फ्लॅशवरच्या फोटोंचं असेल, व्हिडिओ दुसरा कोणी करत असेल आणि हाताशी दुसरी बॉडी असेल, तर जुना घ्यायला माझी ना नाही. पण पहिला आणि एकुलता एक कॅमेरा म्हणून नको.

माझा भाचा हाच मेसेज घेऊन आला होता. मी वाद घातला नाही. माझ्याकडं आता दुसरी जुनी बॉडी आहे, ती त्याला आठ दिवस दिली आणि दोन साक्षगंध करून ये म्हटलं. परत आला तो बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, “मामा, याचा व्हिडिओत फोकस आपोआप नाई लागत का?”