क्रॉनमधल्या एनटीपीडेटवर सर्व्हरची वेळ सोपवू नका

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो : वेळ जुळवायला जड डेमन (मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम) कशाला? क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत, दर तासाला एनटीपीडेट (टाइम सर्व्हरला विचारून घड्याळ एकदा जुळवणारी कमांड) लावा. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) वाढवा, काम झालं. नवी मुलं हे जसंच्या तसं प्रॉडक्शनवर लावतात, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे.

आधी पाथचं बघू, कारण खरं नुकसान तिथूनच सुरू होतं. बॅशआरसी तुमच्या टर्मिनलसाठी आहे. क्रॉन ती वाचत नाही. डेबियन लिनक्सवर वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबला (क्रॉनच्या कामांच्या यादीला) फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच पाथ मिळतो. एनटीपीडेट असतो /यूएसआर/एसबिनमध्ये. म्हणून हाताने चालवला की चालतो, क्रॉनमधून नाही. काही जण मग क्रॉनटॅबमध्येच ‘पाथ=$पाथ:/यूएसआर/एसबिन’ अशी ओळ घालतात. हे तर जास्त घातक आहे. क्रॉनटॅब व्हेरिएबलची किंमत भरत नाही, ती अक्षरं तशीच ठेवतो. एनटीपीडेट सापडतो, पण /बिन आणि /यूएसआर/बिन हातचे जातात आणि त्याच क्रॉनटॅबमधली बॅकअपची स्क्रिप्ट ‘टार’ कमांड न सापडल्यामुळे पडते. कमांडचा पूर्ण पाथ लिहा, नाहीतर पाथची ओळ पूर्ण लिहा. तिसरा मार्ग नाही.

शिवाय ही चूक दिसत नाही. क्रॉन एरर मेलने पाठवतो. मशीनवर मेल सर्व्हर नसेल तर डेबियन लॉगमध्ये ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड’ एवढं नोंदवून आउटपुट टाकून देतो. इकडे घड्याळ सरकत राहतं. घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत 20 भागांची चूक असली, तरी दिवसाला सुमारे 1.7 सेकंद आणि महिन्याला 50 सेकंदांच्या पुढे फरक पडतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, तो भर कामाच्या वेळी एनटीपीडेट हाताने चालवतो. फरक अर्ध्या सेकंदाहून जास्त असला की एनटीपीडेट घड्याळ थेट बदलतो. घड्याळ पुढे गेलेलं असेल तर वेळ एका झटक्यात मागे येते. नंतरच्या व्यवहारावर आधीची वेळ पडते, लॉगचा क्रम बिघडतो, ‘मेक’ या बिल्ड टूलला फाइली भविष्यातल्या वाटू लागतात.

समजा, क्रॉन बिनचूक चालला. तरी ‘तासाला एकदा पुरे’ हे पटत नाही. घड्याळ किती वेगाने चुकतंय हे एनटीपीडेट लक्षात ठेवत नाही, त्यामुळे तीच चूक दर तासाला नव्याने साठते. क्रोनी हा वेळ जुळवणारा डेमन ती गती मोजतो, ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावर तिथूनच पुढे चालतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मेकस्टेप 1.0 3’ लिहिलं, की सेकंदाहून मोठा फरक असल्यास पहिल्या तीन अपडेटपुरतीच उडी मारायची मुभा मिळते. त्यानंतर घड्याळ हळूहळू ओढून जुळवलं जातं. सर्व्हरला हेच हवं असतं.

डेमन जड असतो म्हणावं, तर एनटीपीचं (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या प्रोटोकॉलचं) साधं पॅकेट 48 बाइटचं, आणि विचारणा सहसा 64 ते 1024 सेकंदांनी एकदा. उलट सगळ्यांचे क्रॉन बरोबर शून्य मिनिटाला सुटतात आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या सार्वजनिक एनटीपी पूलवर एकदम भार येतो.

भारतात नियमाचाही प्रश्न आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या), किंवा त्यांच्याशी जुळलेल्या, एनटीपी सर्व्हरशी जुळलेली हवीत.

बदल करताना आधी क्रॉनमधली जुनी ओळ काढा, नाहीतर एनटीपीडेट आणि क्रोनी दोघेही एकाच घड्याळाला हात लावतील. मग क्रोनी सुरू करून ‘क्रोनीसी सोर्सेस’ बघा. एखाद्या सर्व्हरपुढे तारा (*) दिसला तर त्याच्याशी वेळ जुळली आहे. सगळीकडे प्रश्नचिन्हच असेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी 123 हा एनटीपीचा पोर्ट अडवलेला आहे का, ते आधी तपासा.