मक्याचे ग्लास आणि आमची ग्रीन सोसायटी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. "पूजेला वापरलेले ग्लास बायोडिग्रेडेबल आहेत, सुक्या कचऱ्यात टाका, रिसायकल होतील." खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं. अहो एक काय ते ठरवा ना, ते कुजणार आहेत की वितळवून परत वापरायचेत?

हे ग्लास पीएलएचे, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड नावाच्या प्लास्टिकचे. मका नाहीतर उसाच्या साखरेपासून बनतात, दिसायला सेम टू सेम पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. माझ्या मामाचं वसईला छोटं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, त्याला एकदा कुणीतरी याच मालाचा चुरा स्वस्तात गळ्यात मारला. मामाने नेहमीसारखा मशीनच्या हॉपरमध्ये ओतला तर माल पाण्यासारखा पातळ, साच्याच्या फटीतून बाहेर, आणि कपड्यांचे चिमटे निघाले ते एकदम चकाचक पण दोरीला लावला की टक्कन दोन तुकडे. मामी टोपली मांडीवर घेऊन एकेक दाबून बघत होती आणि दर टक् ला मामाकडे बघत होती.

झालं काय होतं, तर ओलावा. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून मशीनला लावायच्या आधी तो वाळवून ओलावा ०.०२५ टक्क्याच्या खाली आणावा लागतो. जुलै महिन्यात, वसईत, ड्रायर नसलेल्या गाळ्यात! बरं, मामाने तेच तुटके चिमटे दळून परत चालवले, तर माल अजून पातळ, अजून ठिसूळ. दर फेरीला साखळी आखूड होणारच. ओढून बघितलं तर सुरुवातीला ताकद फारशी कमी वाटत नाही, म्हणूनच माणूस फसतो, वाकवलं की कळतं.

हो, फॅक्टरीतलाच स्वच्छ स्क्रॅप असेल, नीट वाळवला, चेन एक्स्टेंडर (तुटलेल्या साखळ्या परत जोडणारं रसायन) घातला, नव्या मालात थोडाथोडा मिसळला तर चालतो, मान्य. पण आपल्या ग्लासाच्या तळाला पन्हं चिकटलेलं असतं हो.

आणि जाणार कुठे हे सगळं? धारावीच्या तेरा कंपाउंडला, जिथे भंगार प्लास्टिक रिसायकल होतं, माणसं नुसतं वाकवून, आवाज ऐकून, जाळून वास घेऊन प्लास्टिक ओळखतात, मला खरंच त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पण पाण्यात टाकून बघावं तर पाण्याची घनता १, पेटची १.३८, पीएलएची १.२४, दोन्ही बुडतात. पेट वितळतं २५०च्या आसपास, तेवढ्यात पीएलएची वाट लागलेली असते, पेटचा चांगला माल पिवळा पडतो आणि भाव पाडून मिळतो तो त्यांना, आपल्या सेक्रेटरींना नाही. मामाला निदान ड्रायरचा खर्च तरी परवडला असता.

कुजेल म्हणता तर त्याला ५८ डिग्रीच्या आसपास टिकून राहणारी गरमी लागते, तुमच्या गच्चीवरच्या निळ्या पिंपात ती कुठून येणार? एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर २०१८ला राज्याची बंदी आली, २०२२ला देशाची, आणि आपण काय केलं तर फेकायचा ग्लास तोच ठेवून त्याच्यावर हिरवं पान छापलं.

जाऊ दे. स्टीलचे ग्लास भाड्याने मिळतात, धुवायला मी येते, पुढच्या पूजेला कमिटीने एवढं करावं. ऑफिसात उरलेला एक बॉक्स पडलाय, कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त त्यात गरम चहा ओतू नका, साठ डिग्रीलाच मऊ पडतात ते.