सावयव लिपस्टिक

नणंदेच्या मुलीचं लग्न खानापुरात ठरलं आणि मी ठरवलं, यंदा ओठ सुजवून घ्यायचे नाहीत. मागच्या लग्नात नव्या लिपस्टिकनं अक्षता पडेपर्यंत माझा वरचा ओठ असा फुगला, की विहीणबाईंनी काळजीनं विचारलं, "मधमाशी चावली काय हो?" त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी लावण्याआधी डबीवरची यादी वाचा." ते सुटले. अडकले मी.

बेळगावच्या गणपत गल्लीत गेले. फलकावर साठ टक्के कन्नड हवं असा नियम झाल्यापासून मी फलक वाचत वाचतच चालते. अक्षरं लागतात, अर्थ मात्र मराठीतून लावते. एका दुकानावर लिहिलं होतं, 'सावयव'. सेंद्रियला कन्नडमध्ये सावयव म्हणतात, हे घरी आल्यावर लेकीनं सांगितलं. दुकानासमोर मला एवढंच कळलं, की इथं अवयवांसहित काहीतरी मिळतंय.

"एन बेक्री अक्का?" काउंटरवरच्या पोरीनं विचारलं. माझा चेहरा बघून तिनं गाडी मराठीवर आणली. "काय पायजे अक्का?"

"लिपस्टिक. नैसर्गिक. ओठ न सुजणारी."

"हे घ्या की. फुल ऑर्गॅनिक. केमिकल म्हणून एक नाही बघा."

सेंद्रिय गुळाच्या पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं, ते मी डबीवर उलटसुलट शोधलं. "ते खायच्या वस्तूला असतंय अक्का," पोरगी म्हणाली. तिचं बरोबरच होतं. पण लग्नाच्या जेवणात निम्मी लिपस्टिक पोटातच जाते, त्याचं काय?

मग यादी. मुंगीच्या पायांनी लिहिलेली. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा कुठं दिसायला लागली. यादीत जे जास्त ते आधी, असा नियम असतो. म्हणजे लग्नपत्रिकाच. वर कुलदैवत, मग आजोबा-आजी, मग काका मंडळी. या डबीवर कोरफडीचं चित्र झाकणापासून तळापर्यंत पसरलेलं, आणि यादीत कोरफड कुठं? तर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या ओळीत. यजमान होतं एरंडेल. एरंडेलाबद्दल माझी तक्रार नाही, पण लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या वस्तूला साडेसहाशे रुपये मोजायचे म्हणजे जिवावर येतं.

शेवटी रंगाचा एक आकडा होता, सीआय ७५४७०. लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

"आई, ते कारमाइन. कोचिनील नावाचा किडा असतो, त्याच्या माद्या वाळवून त्यापासून लाल रंग काढतात. शंभर टक्के नॅचरल!"

फलक खोटं बोलत नव्हता तर. सावयवच होती.

घरात सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. मी किडे ओठांवर वागवत त्यांच्या पंगतीला बसायचं? ती डबी परत ठेवून दुसरी उचलली. हिच्यावर सीआय ७७४९१. लोहाचा ऑक्साइड, म्हणजे थोडक्यात गंज. मला वाटलं, खाणीतला असेल, मातीचा, सात्त्विक. लेक म्हणाली, "अगं, तो कारखान्यात बनवतात. खाणीतल्यात शिसं, आर्सेनिक मिसळलेलं असू शकतं." आपल्याकडच्या नियमानुसार सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांच्या वर नको आणि आर्सेनिक २ च्या वर नको. म्हणजे नैसर्गिक तो किडा आणि सोवळ्यातला तो कारखान्यातला गंज! मी गंज घेतला.

सासूबाईंना सगळं सांगितलं. किडा तेवढा गाळला. त्या म्हणाल्या, "झाडपाल्याचं घ्यायचं गे, त्यानं काय होत नाही." आणि पुढच्याच वाक्यात त्यांना स्वतःची टाच आठवली. काटा मोडला म्हणून कुणीतरी बिब्बा लावला होता, तो असा उतला की महिनाभर एका पायावर स्वयंपाक. बिब्बाही झाडाचाच की, म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. हे आमच्या घरात सहसा घडत नाही.

मधे मी घरगुती उपायही केला. बीट किसून रस आटवला, त्यात तूप घातलं, चांदीच्या कुंकवाच्या डबीत भरलं. आठव्या दिवशी त्याला पांढरी लव फुटली. ज्या प्रिझर्व्हेटिव्हला मी दुकानात नाक मुरडलं होतं, ते कशासाठी घालतात हे त्या डबीनं दाखवलं.

राहता राहिली परीक्षा. नवी वस्तू आधी कानामागे लावून एक-दोन दिवस बघायची. मी उजव्या कानामागे लिपस्टिकचं बोट टेकवलं. खाज येतेय का हे बघायला दर पाच मिनिटांनी तिथं हात. दुसऱ्या दिवशी कान लाल झाला. ही लाली गंजाची, की माझ्या नखांची? म्हणून मग डाव्या कानामागे लावली आणि हात पदरात गुंडाळून बसले.

सासूबाईंनी चहा देताना आधी एक कान बघितला, मग दुसरा.

"काय गे, तीट लावून घेतल्यास?"

"होय हो."

"मग काळी तरी लावायची. आणि ह्या वयात तुला दृष्ट कोण लावूलंय?"