चाळीस अंशांचा खांदा आणि ‘फुकटचा’ वेग

शिकारीच्या रायफली बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साधारण असा: ‘नवी मॅग्नम कशाला घेता? आहे तीच .३०-०६ नाहीतर .२८० गनस्मिथकडे न्या आणि चेंबरमध्ये “इम्प्रूव्ह्ड” रीमर फिरवून घ्या. अर्ध्या तासाचं काम. मॅग्नमच्या जवळ जाणारा वेग मिळतो, बोल्टवरचा ताण उलट कमी होतो, पुंगळ्या जास्त टिकतात, नेम सुधारतो आणि वेळ पडली तर साधी कारखान्यातली काडतुसंही चालतात.’

एवढ्याशा सल्ल्यात पाच फायदे, आणि तोटा औषधालाही नाही. संशय तिथेच यायला हवा होता.

आधी ही भानगड काय ते थोडक्यात. .३०-०६, .२८० ही काडतुसांची नावं; मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच; गोळी धरणारा तिचा अरुंद भाग म्हणजे मान, आणि मानेकडे उतरणारा भाग म्हणजे खांदा. नळीच्या मागच्या ज्या पोकळीत काडतूस बसतं ते चेंबर, ते कापणारं हत्यार म्हणजे रीमर, आणि चेंबर मागून बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. पार्कर अ‍ॅकली (१९०३–१९८९) या अमेरिकी गनस्मिथच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. जुन्या पुंगळ्या बुडाकडे रुंद आणि खांद्याकडे निमुळत्या असतात. .३०-०६चा खांदा तर साडेसतरा अंशांचा, म्हणजे चांगलाच उतरता. अ‍ॅकलीने चेंबरच्या भिंती जवळजवळ सरळ केल्या आणि खांदा ४० अंशांचा केला. खुबी अशी, की मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा हलवली नाही. म्हणून जुनं काडतूस नव्या चेंबरमध्ये बसतं. ते झाडलं की पितळ फुगून नव्या आकाराचं होतं आणि त्यात दारू मावायला थोडी जास्त जागा मिळते. कल्पना हुशारीची आहे, यात वाद नाही. वाद पुढच्या हिशेबाचा आहे.

‘मॅग्नमच्या जवळ जाणारा वेग मिळतो.’

.३०-०६ची पुंगळी इम्प्रूव्ह्ड केली की तिच्यात सुमारे पाच ते सात टक्के जागा वाढते. पुंगळी कुठल्या बनावटीची आहे त्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो. काडतुसांचा हिशेब मांडणाऱ्यांचा एक जुना आणि बऱ्यापैकी खरा ठरणारा ठोकताळा आहे: नळीचा व्यास आणि दाब तोच ठेवला, तर जागा जितके टक्के वाढते त्याच्या एक चतुर्थांश टक्केच वेग वाढतो. सात टक्के जागा म्हणजे पावणेदोन टक्के वेग. १६५ ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फुटांनी जात असेल, तर ती २८५० फुटांच्या आत-बाहेर जाईल. पन्नास फूट! .३०० विंचेस्टर मॅग्नम त्याच वजनाची गोळी ३१००च्या आसपास फेकते. म्हणजे तीनशे फुटांच्या अंतरातले पन्नास आपण कापले, आणि याला ‘मॅग्नमच्या जवळ’ म्हणायचं.

हे पन्नास फूट शिकारीत कुठे दिसतात ते पाहू. २०० यार्डांवर नेम बांधलेल्या .३०-०६ची गोळी ३०० यार्डांवर साधारण आठ इंच खाली लागते. वेग एवढा वाढला की हा उतार जेमतेम पाव इंचाने कमी होतो, म्हणजे गोळीच्या स्वतःच्या जाडीइतका. ऊर्जा वाढते साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींमध्ये, एकाच डब्यातली काडतुसं झाडली तरी एवढा फरक सहज पडतो. दोन इंच लांब नळीही तितकंच देऊन जाते. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ते हेच.

यावर हमखास उत्तर येतं: ‘पण मी स्वतः वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर शंभर-दीडशे फूट जास्त मोजलेत!’ मोजले असतील. ते खोटं बोलत नाहीत, श्रेय चुकीच्या खात्यात टाकतात. .२८० रेमिंग्टन १९५७ साली आली ती अर्ध-स्वयंचलित रायफलीत, म्हणून तिची भरणी, म्हणजे दारूचं प्रमाण, बेताची ठेवली गेली. अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या मानकात तिचा कमाल दाब ६०,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. .२८० अ‍ॅकली इम्प्रूव्ह्डला २००७मध्ये याच संस्थेची मान्यता मिळाली, आणि तिचा कमाल दाब आहे ६५,०००. .२५७ रॉबर्ट्सचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. जुन्या, नाजूक अ‍ॅक्शन (बोल्ट जिच्यात बसतो ती रायफलीची यंत्रणा) डोळ्यांपुढे ठेवून तिला ५४,०००वर बांधलं गेलं. तिची इम्प्रूव्ह्ड आवृत्ती मात्र मजबूत बोल्टच्या रायफलीत, कुठल्याही अधिकृत मर्यादेशिवाय भरली जाते. मग वेग वाढला तर त्यात खांद्याचा वाटा किती आणि दाबाचा किती? बहुतेक दाबाचा. (म्हणून साध्या पुंगळीत दाब वाढवा, असा माझा सल्ला मुळीच नाही. प्रश्न फक्त श्रेयाचा आहे.)

आणि यात एक धोका लपलेला आहे. मानक नसलेल्या काडतुसाची भरणी करणारा माणूस दाब ओळखतो तो खुणांवरून: प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) चपटा झाला का, बोल्ट जड उठतो का. या खुणा दिसू लागतात तेव्हा बहुतेक वेळा मर्यादा ओलांडून झालेली असते.

अपवाद आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. मूळ पुंगळी फारच निमुळती असेल तर फायदा खरोखर घसघशीत होतो. .२२ हॉर्नेट घ्या. लाइल किलबर्नने १९४० साली तिची के-हॉर्नेट केली, तेव्हा आधीच इवल्याशा असलेल्या पुंगळीत मोजण्याजोगी जागा वाढली. .३०० हॉलंड अँड हॉलंडचंही तेच. पण हा सल्ला फिरतो तो .३०-०६ आणि .२७०च्या मालकांत, आणि त्यांच्या पुंगळीत आधीच फारसा निमुळतेपणा उरलेला नाही.

‘बोल्टवरचा ताण कमी होतो.’

अ‍ॅकलीने विंचेस्टर ९४ रायफलीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. .३०-३० इम्प्रूव्ह्ड चेंबर, बोल्टला मागून धरणारा अडसर काढून टाकलेला, आणि तरी अ‍ॅक्शन उघडली नाही. सरळ भिंतीची पुंगळी चेंबरला घट्ट चिकटते, बूड मागे रेटलं जात नाही, हे त्याने दाखवून दिलं.

पण .३०-३०चा कमाल दाब आहे ४२,००० पीएसआय. ६०,०००च्या वर गेलात की बुडाजवळचं पितळ चिकटून राहूनही ताणलं जातं आणि बोल्टवर जाऊन टेकतं. शिवाय सगळी पकड घर्षणावर उभी. चेंबरमध्ये तेलाचा ओघळ राहिला, पावसात काडतूस ओलं झालं, की घर्षण गेलं. बोल्टचे लग (त्याला जागेवर अडकवून धरणारे दात) हे घर्षण नाहीच असं धरूनच बनवायचे असतात. त्यामुळे ‘ताण कमी, म्हणून दाब वाढवायला वाव’ हा जो पुढचा तर्क काढला जातो, तो मला या सगळ्या सल्ल्यातला सर्वात वाईट भाग वाटतो.

‘अर्ध्या तासाचं काम.’

इथे मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण रायफली बिघडतात त्या इथे.

साधं काडतूस इम्प्रूव्ह्ड चेंबरमध्ये सुरक्षितपणे झाडायचं, तर ते मान-खांद्याच्या सांध्यावर किंचित दाबलं गेलं पाहिजे. त्यासाठी चेंबर साध्या मापापेक्षा चार हजारांश इंचाने, म्हणजे एक दशांश मिलिमीटरने, आखूड लागतं. आता जे चेंबर आधीच कापलेलं आहे, ते नुसता रीमर फिरवून आखूड कसं होईल? रीमर धातू काढतो, घालत नाही. म्हणून नळी अ‍ॅक्शनमधून सोडवायची, मागून कापायची, लेथवर आटे पुढे न्यायचे, आणि मगच रीमर चालवायचा. नळीवरची अक्षरं आणि साइट पुन्हा वर यायच्या असतील तर पूर्ण एक फेरा कापावा लागतो. माउझर ९८च्या इंचाला बारा आट्यांच्या हिशेबाने तो होतो दोन मिलिमीटरहून थोडा जास्त. नळी तेवढी मागे सरकली की दस्त्यातली खाच जुळत नाही. बाहेरून पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होत गेलेली नळी असेल तर लाकडाला टेकते आणि नेम भटकतो.

हे टाळून नुसता रीमर फिरवला तर? काडतूस सैल बसतं. झाडल्यावर खांद्याऐवजी बुडाजवळचं पितळ ताणलं जातं, तिथे चकचकीत कडं उमटतं, आणि पुढच्या एखाद्या भरणीला पुंगळी तिथेच तुटते. गरम वायू मागे येतात, डोळ्यांच्या दिशेने.

त्यात सीआयपी या शस्त्रांच्या तपासणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांखाली येणाऱ्या युरोपीय देशांत चेंबर बदललं की रायफल पुन्हा प्रूफ करून, म्हणजे अधिकृत दाब-चाचणीतून, घ्यावी लागते. नळीवरचं नावही बदलून कोरायला हवं. नाहीतर पुढच्या मालकाला आपल्या हातात काय आहे ते कळणारच नाही.

‘पुंगळ्या जास्त टिकतात.’

खरं आहे. सरळ भिंत आणि ताठ खांदा यामुळे पितळ मानेकडे कमी वाहतं आणि सारखी छाटणी करावी लागत नाही. स्वतः भरणी करणाऱ्याला हा फायदा जाणवतो. मात्र त्याआधी प्रत्येक पुंगळी एकदा झाडून घडवावी लागते. काही जण गोळी न वापरता, वर रवा भरून ती घडवतात, तेवढीच नळीची झीज वाचते.

‘नेम सुधारतो.’

सुधारला तर तो ताज्या, नीट मध्यात कापलेल्या चेंबरमुळे. तेच चेंबर साध्या .३०-०६चं कापलं असतं तरी सुधारला असता. निमुळतेपणा गेल्यामुळे मात्र काही रायफलींत मॅगझिनमधून काडतूस चढताना अडखळतं. शिकारीत दुसऱ्या गोळीची वेळ येते तेव्हा हे अडखळणं आठवतं.

‘साधी काडतुसंही चालतात.’

चालतात, चेंबर बरोबर कापलं असेल तर. पण साधी भरणी नव्या चेंबरमध्ये झाडली की दाबाचा काही भाग पितळ फुगवण्यातच जातो आणि वेग सहसा आधीपेक्षाही थोडा खाली येतो. नेम बांधलाय इम्प्रूव्ह्ड भरणीवर, तेव्हा गोळी वेगळ्या जागी लागते. अडचणीच्या वेळी कामाला येईल म्हणून ठेवलेलं काडतूस आधी निशाणावर झाडून पाहिलेलं नसेल, तर तो भरवसा कागदावरचाच.

मग कुणी हे करूच नये का? एका परिस्थितीत मी स्वतः करीन. नळी झिजली आहे आणि नवी बसवायचीच आहे, भरणी घरी होते आणि अ‍ॅक्शन मजबूत आहे. तेव्हा .२८०ऐवजी .२८० अ‍ॅकली इम्प्रूव्ह्ड घ्यायला माझी काहीच हरकत नाही. तिची काडतुसं आणि पुंगळ्या आता कारखान्यात बनतात, दाबाचं मानक ठरलेलं आहे, आणि नळी मागे कापायचा प्रश्न नाही, कारण कोऱ्या नळीत रीमर तसाही फिरणारच असतो.