एसीच्या कोटेशनमधला शेवटचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांनी मानपाड्याहून बहिणीनेही तोच पाठवला. मजकूर असा: "जुना एसी बदलताना फसू नका. तीन कोटेशनं मागवा, सगळ्यात कमीचं घ्या. जुना कॉपर पाइप तसाच ठेवायला सांगा. अर्धा टन जास्तीचा घ्या, खोली पटकन गार होते. बिल मागू नका, जीएसटी वाचतो. आणि बसवणं काय, सगळ्यांचं सारखंच." तीन कोटेशनं मागवावीत, हे अगदी खरं. बाकीचं असंच कुणाकुणाचं ऐकून दोन वर्षांपूर्वी हॉलच्या एसीत आमचे पैसे गेले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"सगळ्यात कमीचं घ्या." यंदा आई-बाबांच्या बेडरूमसाठी तीन आकडे आले: 38,500, 42,000 आणि 46,500. पहिल्या कोटेशनवर एकच ओळ होती, "दीड टन इन्व्हर्टर, फिटिंगसह". फिटिंगमध्ये काय काय येतं, ते फोन करून विचारलं. पाइप फक्त 3 मीटर. आमचं आउटडोअर स्वयंपाकघरामागच्या सज्जावर आहे, तिथपर्यंत टेप लावून मोजला तर 7 मीटर लागतो. वरच्या 4 मीटरचे, मीटरला 900 प्रमाणे, 3,600. स्टँडचे 900. जुना एसी उतरवायचे 700. बेरीज झाली 43,700. मधल्या कोटेशनमध्ये हे सगळं आधीच धरलेलं होतं.

शिवाय तिघांची मशीनं एक नव्हतीच. पहिली दोन 3 स्टार, तिसरं 5 स्टार. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते 1,600 तास धरून. रात्री 8 तास आणि वर्षात 200 रात्री एसी चालला की बरोबर तेवढेच तास होतात. दोन लेबलांवरच्या युनिटमधला फरक काढा आणि महावितरणच्या बिलात तुमच्या वरच्या स्लॅबचा जो दर असेल त्याने गुणा. 5 स्टारचे जास्तीचे पैसे किती वर्षांत फिटतात ते घरबसल्या कळतं. आई-बाबा फक्त एप्रिल-मेमध्ये एसी लावतात, त्यामुळे आम्हाला 3 स्टार पुरला. मी वर्षभर लावणारी असते तर 5 स्टारच घेतला असता.

कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, हेही लिहून मागा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि गटाराच्या वासाच्या जागी कॉइल लवकर खराब होते. मग दुरुस्ती होणार की अख्खी कॉइल बदलावी लागणार, आणि त्यावर वॉरंटी किती वर्षांची, हे आधी ठाऊक असलेलं बरं.

"जुना पाइप ठेवा." कधी चालतं, कधी नाही. जुना एसी आर-22 गॅसचा असेल तर त्या पाइपात जुनं मिनरल ऑइल राहिलेलं असतं. नव्या आर-32 मशीनचं ऑइल वेगळं, आणि गॅसचा दाबही आर-22च्या साधारण दीडपट. तिथे नवा पाइपच हवा. जुनं मशीन आर-410ए असेल, पाइपाचं माप तेच असेल आणि तो कुठे दबलेला-झिजलेला नसेल, तर ठेवायला हरकत नाही. जुन्या मशीनवरच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. ते न बघताच "ठेवा" किंवा "बदला" म्हणणाऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

"अर्धा टन जास्तीचा घ्या." आपल्याकडे उकाड्याइतकाच दमटपणा छळतो. गार कॉइलवरून हवा फिरत राहिली तरच तिच्यातलं पाणी ड्रेनवाटे जातं. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली चटकन गार करून कॉम्प्रेसर थांबवतं. जुलैत मग खोली गार असते, पण चादर ओलसर लागते आणि अंग चिकट राहतं. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, मोठी काच असेल तर टन वाढवावा लागतो, पण ते खोलीत उभं राहून ठरवायचं. तिघांपैकी एकानेच खोली मोजली.

"बिल मागू नका." 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, म्हणजे बिल न घेऊन वाचणारे पैसेही आता कमी. आणि बिल नसेल तर वॉरंटी अडते. कॉम्प्रेसरची बरीच वर्षांची वॉरंटी मागायला जाल तेव्हा पहिल्यांदा सीरियल नंबर घातलेलं बिलच मागतात.

आणि "बसवणं सगळ्यांचं सारखंच." मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. हॉलचा एसी बसवताना मी विचारलं होतं, "दादा, व्हॅक्युम पंप आणलाय का?" उत्तर आलं, "ताई, थोडा गॅस सोडून हवा काढतो, एवढ्यासाठी पंप कशाला?" मला पटलं. पुढच्याच एप्रिलमध्ये थंडावा गेला. "गॅस संपला" म्हणून भरून घेतला, दोन महिन्यांत परत तेच. गॅस वापराने संपत नाही, गळतो. साबणाचा फेस लावल्यावर आउटडोअरच्या नटाशी बारीक बुडबुडे दिसले, फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पाइपाचं पसरट केलेलं तोंड, चिरलेला होता. पंपाने पाइपातली हवा ओढून घेतली असती तर ती गळती पहिल्याच दिवशी गेजच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्यावर दिसली असती. शिवाय पाइपात हवा आणि ओल राहिली की ती ऑइलमध्ये मुरते, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं.

यंदा मधलं कोटेशन घेतलं, त्यात "व्हॅक्युम पंपाने" असं लिहून घेतलं. बसवायला आलेल्या मुलाने पंप अर्धा तास चालवला, व्हॉल्व्ह बंद केला आणि गेज माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, आता दहा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे." बाबा चष्मा लावून शेजारी येऊन उभे राहिले. काटा हलला नाही, तेव्हाच त्याने गॅस सोडला.