नर्सिंगला जायचंय? आधी पोराला विचारा

ताई, वय ३३, मुलगा दुसरीत, नोकरी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर, आणि तरी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करावंसं वाटतंय? निर्णय अगदी सोपा आहे. माझा गेल्या गुरुवारी नर्सिंग कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाने परस्पर घेऊन टाकला.

आधी वय मोजा. नर्सिंग कौन्सिलची जीएनएमसाठीची मर्यादा १७ ते ३५. लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, पोराची केजी, एवढं उरकून बाई मोकळी होते तेव्हा हातात वर्ष-दीड वर्ष उरतं. भरपूर झालं की!

बारावी आर्ट्सची चालते. इंग्रजी विषय आणि ४० टक्के असले की झालं. पण हे बोलू नका कुठे, बायका शिकायला लागतील.

नोकरी सोडा. तीन वर्षं पूर्णवेळ, संध्याकाळची बॅच वगैरे लाड नाहीत. घराच्या हप्त्याचं बँकेला समजावून सांगा, बँका फार मायाळू असतात.

हजेरी थिअरीला ८० टक्के, वॉर्डातलं काम मात्र शंभर टक्के भरून द्यावं लागतं. ते बरोबरच आहे, अर्धवट शिकलेल्या नर्सकडून सुई कोण टोचून घेईल? तेव्हा पोराने ताप रविवारीच आणायचा. तसं वेळापत्रक करून फ्रिजवर लावा.

एवढं नको असेल तर स्टेशनबाहेरच्या खांबावर बघा: ‘सहा महिन्यांत नर्सिंग, वयाची अट नाही.’ आमच्या शेजारच्या वहिनींनी ४० हजार भरले. त्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, हे नोकरी मागायला गेल्यावर कळलं. आता तिथेच मावशी म्हणून लागल्यात. सर्टिफिकेटला लॅमिनेशन मात्र झकास.

आणि चौकशीला एकट्या जाऊ नका. मी गेले. अर्धा दिवस रजा टाकून, कळव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळ. पिशवीत लिव्हिंग, मार्कशीट, आणि हो, नाव बदलल्याचं गॅझेटसुद्धा. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलीचं ॲडमिशन का?" म्हटलं, माझं. "मिस्टर आलेत?" नाही. "मग संमतीपत्र आणा त्यांचं." पेन खाली ठेवलं आणि अगदी काळजीने विचारलं, "मुलाकडे कोण बघणार?"

हाच प्रश्न मावससासूबाईंनी विचारला. २२ मार्च २०२०ला नर्सबायांसाठी गॅलरीत पितळेची परात बडवणाऱ्या याच बाई. परातीला पोचा अजून आहे. "रात्रीच्या ड्युट्या, घरंदाज बाईला शोभतं का ते?" म्हणजे दुसऱ्याच्या घरातली सून रात्रभर यांचं सलाइन बदलत बसली तर ती देवी. यांच्या घरातली बसली तर पोराचे हाल! दरवर्षी १२ मेला गुलाब वाटायचे, सिस्टर सिस्टर करायचं, आणि सिस्टर व्हायला निघाली की खिडकीतून विचारायचं, नवऱ्याची संमती आणली का?

मी सहा वर्षं काउंटरवर नऊ-नऊ तास बसते. मुलगा पाळणाघरात, मग शेजारी, मग क्लासला, मग पुन्हा शेजारी. ५० माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी असं २०१७पासून कायद्यात आहे. आमच्याकडे त्या खोलीत रिकामे सिलिंडर ठेवलेत. तेव्हा कुणी विचारलं, मुलाकडे कोण बघतंय? कुणीच नाही. एक तारखेला पगार येत होता ना. पगार आणणाऱ्या बाईचं पोर आपोआप वाढतं. शिकणाऱ्या बाईचंच तेवढं उघड्यावर पडतं.

लाज वाटली पाहिजे. तुम्हा सगळ्यांना, खिडकीतल्या साहेबांना आणि परातवाल्या मावशींनाही. आणि मला पण, कारण त्या दिवशी मी "बरं, आणते" म्हणून मुकाट परत फिरले, तुर्भ्यापर्यंत त्या गॅझेटच्या घड्या मोडत.

मुलाकडे कोण बघणार? त्याला बाप आहे. घणसोलीला कामाला असतो, साडेसहाला सुटतो. त्याला फोन करून विचारा, नंबर देते.